पंट गन: होडीवरची बंदूक आणि बाजाराचा हिशेब

दहा फुटांची नळी धरून दोन-तीन माणसे उभी आहेत, असा जुना कृष्णधवल फोटो अधूनमधून फिरत असतो. खाली बहुतेक एकच ओळ असते: ‘एका बारात शंभर बदके मारणारी बंदूक.’ बंदूक खरी आहे. शंभराचा आकडा मात्र फार क्वचित गाठला जाई. ही बंदूक खांद्याला लावून कोणी उडवत नसे. ती एका चपट्या, उथळ होडीवर बसवलेली असे. अशा होडीला इंग्लंडमध्ये ‘पंट’ म्हणतात, त्यावरून बंदुकीचे नाव पंट गन पडले. पाणपक्ष्यांच्या थव्यावर एकच बार टाकून मिळेल तेवढे मांस बाजारात पोचवायचे, एवढ्यासाठी ती घडवली गेली. तिचा उदय, भरभराट आणि शेवट समजून घ्यायचा तर नळीइतकेच त्या बाजाराकडेही पाहावे लागते.

मराठी वाचकाला यातले बरेच शब्द परके नाहीत. कोकणात शेतीच्या राखणीसाठी आजही परवान्यावर ठेवली जाते ती ठासणीची बंदूक आणि सुरुवातीची पंट गन यांची रीत एकच: दारू, बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, सगळे नळीच्या तोंडातून गजाने ठासायचे. पेशवाईच्या कागदांत येणारे जंबुरके आणि जेजाला हे आकाराने तिचे दूरचे भाऊबंद म्हणता येतील. त्याही टेकूवर ठेवून डागायच्या थोराड बंदुका होत्या. फरक कामाचा आहे. जेजालेतून एक गोळी दूरवरच्या एका माणसावर जाई. पंट गनमधून हजारभर छर्रे साठ-सत्तर मीटरवरच्या एका थव्यावर जात.

दलदल आटली, माणसे खाडीत उतरली

इंग्लंडमध्ये बाजारासाठी रानबदके पकडण्याची जुनी रीत बंदुकीची नव्हतीच. डच लोकांकडून आलेली ‘डेकॉय’ नावाची सापळ्याची तळी होती. मध्ये तळे, त्यातून निघणारे वाकडे चर, चरांवर कमानींवर ताणलेले जाळे आणि काठाने फिरणारा शिकवलेला कुत्रा. कुतूहलाने कुत्र्यामागे पोहत गेलेली बदके जाळ्याच्या निमुळत्या टोकात अडकत. या बदकांच्या अंगात छर्रे नसत, मांस फाटलेले नसे, त्यामुळे लंडनच्या लेडनहॉल बाजारात त्यांना मान होता. पण पूर्व इंग्लंडच्या फेन्स भागातली दलदल शेतीसाठी जसजशी आटवली गेली, तसतशी ही तळीही गेली. पक्षी उरले ते किनाऱ्यावर: वॉश, हंबर, एसेक्सच्या खाड्या, दक्षिणेला सोलेंट. तिथे मैलोन्‌मैल चिखलपट्टा. आडोशाला झाड नाही, चालत जावे तर गुडघ्यापर्यंत पाय रुतणार. साध्या बंदुकीचा पल्ला पस्तीस-चाळीस मीटर आणि पक्षी दोनशे मीटरवरूनच उठणार.

या अडचणीतून दोन गोष्टी एकत्र आल्या. एक, पाण्याच्या रेषेत जवळजवळ दिसेनाशी होणारी होडी. दुसरी, तिच्यावर ठेवता येईल अशी मोठी नळी. अठराव्या शतकाच्या अखेरीस खाडीकाठचे मच्छीमार थंडीत हा धंदा करू लागले होते. उन्हाळ्यात मासे, कालवे, खेकडे आणि थंडीत बदके. तरंग, चक्रांग, तलवार, मॅलार्ड आणि ब्रेंट जातीचे काळे हंस हा त्यांचा मुख्य माल. मराठी नावे असलेली यातली पहिली तिन्ही बदके आपल्याकडेही हिवाळी पाहुणी आहेत.

या कष्टकऱ्यांच्या हत्याराला कागदावर आणले ते कर्नल पीटर हॉकरने (१७८६-१८५३). १८०९ च्या तालावेराच्या लढाईत तो जबर जखमी झाला, पुढे सैन्यातून बाहेर पडला आणि हॅम्पशायरच्या किनाऱ्यावर कीहेवन इथे थंडीचे दिवस काढू लागला. १८१४ मध्ये त्याने तरुण शिकाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढले आणि पुढे आवृत्ती-आवृत्तीगणिक त्यात होडी, बंदूक, दोर, दारू यांचे तपशील भरत गेला. त्याची सर्वांत प्रसिद्ध बंदूक दुनळी, सुमारे दीड इंच व्यासाची आणि जवळजवळ दोनशे पौंड वजनाची. तिची गंमत अशी की एक नळी केपाची, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीची होती आणि दुसरी चकमकीची. चाप एकदमच ओढले तरी चकमकीची नळी क्षणभर उशिरा उडे, कारण गारगोटीची ठिणगी रंजकावर, म्हणजे बाहेरच्या चिमूटभर दारूवर पडून आग आत पोचायला वेळ लागतो. पहिला बार बसलेल्या थव्यावर आणि दुसरा तो थवा पंख पसरून उठतो त्या क्षणी. जुन्या पद्धतीचा दोष त्याने मुद्दाम कामाला लावला. बंदुकीच्या इतिहासात इतकी हिशेबी आळशीपणाची सोय दुसरी सापडणे कठीण.

नळीचे गणित

बंदुकीचा ‘बोअर’ मोजायची इंग्रजी रीत वजनाची आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती बारा बोअर, म्हणजे १८.५ मिलिमीटर. आकडा लहान तितकी नळी मोठी. चार बोअर २६.७ मिलिमीटर, एक बोअर ४२.४ मिलिमीटर. दोन इंची नळीत बसणारी शिशाची गोळी पावणेदोन पौंडांच्या जवळ जाते, मग तिचा बोअर काय सांगणार? म्हणून इंग्लंडच्या १८६८ च्या नळीतपासणी कायद्याने मोठ्या व्यासांना अक्षरे दिली. ‘ए’ म्हणजे २ इंच आणि तिथून इंचाच्या सोळाव्या भागाने उतरत जाणारी मालिका, त्यात ‘के’ म्हणजे दीड इंच. जुन्या नळीवर असे एकच अक्षर ठोकलेले दिसले तर ते कारागिराच्या नावाचे आद्याक्षर असेलच असे नाही.

व्यवहारात सर्वाधिक चालली ती सव्वा ते दीड इंची एकनळी. दीड इंचीचा साधारण हिशेब असा: छर्रे एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम. भरड काळी दारू सुमारे ३ औंस, म्हणजे ८५ ग्रॅम. नळी आठ-नऊ फूट, बंदुकीचे वजन शंभर पौंडांच्या आसपास. पौंडाला शंभर पौंड, हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे. छर्रे बीबी मापाचे घेतले तर औंसाला ७० प्रमाणे ११२० होतात, एक नंबरचे घेतले तर औंसाला १०० प्रमाणे १६००. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात ३०-३२ ग्रॅम छर्रे असतात, म्हणजे हा एक बार चौदा काडतुसांएवढा.

मग चौदा माणसे चौदा बंदुका घेऊन का नाही गेली? एक तर चौदा माणसे लपत नाहीत. दुसरे कारण नळीत आहे. ४५४ ग्रॅम छर्रे दीड इंची नळीत भरले की त्यांचा थर जेमतेम सहा सेंटिमीटर उंच होतो. तेवढेच छर्रे बारा बोअरच्या नळीत ओतले, ती फुटणार नाही असे धरले तरी, पंचवीस सेंटिमीटरचा खांब उभा राहील. दारू पेटली की सर्वांत खालच्या छर्ऱ्यांवर वरच्या सगळ्या खांबाचा भार येतो, मऊ शिसे चेपते आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. रुंद नळीत थर बुटका, म्हणून छर्रे गोल राहतात. शिवाय मोठ्या मापाचे छर्रे वेग जास्त वेळ टिकवतात. पल्ला साठ-सत्तर मीटरपर्यंत जातो तो या दोन कारणांनी. नळी लांब असली की बार आपोआप लांब जातो, हा समज चुकीचा आहे. लांबीचे काम वेगळे: भरड दारू सावकाश जळते, तिला पूर्ण जळायला जागा लागते.

दारू भरड का घ्यायची, तर बारीक दारू एकदम जळते आणि एवढ्या जड बारामागे दाबाचा झटका धोक्याच्या पातळीवर जातो. म्हणून पंट गनसाठी मोठ्या दाण्यांची वेगळी दारू बनत असे आणि हॉकरचे नाव लावून ती विकलीही जाई. हाताशी आहे म्हणून खांद्याच्या बंदुकीची बारीक दारू त्याच मापाने ओतणे हे नळी फुटण्याचे हमखास कारण होते.

धक्का कुठे जातो

साडेचारशे ग्रॅम शिसे सेकंदाला चारशेच्या जरा कमी मीटर वेगाने बाहेर पडते, त्यामागून दारूचा वायू जातो. दोन्ही मिळून ४५ किलोच्या बंदुकीला सेकंदाला साधारण पाच मीटर वेग मिळतो. धक्क्याची ऊर्जा बारा बोअरच्या सुमारे अठरा-वीस पट होते. हा दस्ता खांद्याला लावणाऱ्याचे गळ्याजवळचे हाड जागेवर राहणार नाही.

म्हणून धक्का होडीला द्यायचा. होडीच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या मजबूत लाकडात भोक पाडून तिथून जाड दोराचा फास मागे आणत आणि तो बंदुकीच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना किंवा दस्त्यातल्या आरपार भोकाला अडकवत. नौदलाच्या तोफांना असाच दोर असे, तिथूनच ही युक्ती आली. बार उडाला की बंदूक मागे झेपावते, दोर ताणतो, थोडा लांबतो आणि बंदूक, होडी, माणूस असा अडीचशे-पावणेतीनशे किलोचा सगळा डोलारा पाण्यावर मागे सरकतो. एवढ्या वजनाला मिळणारा वेग सेकंदाला मीटरभरही नसतो, पाणी तो गिळून टाकते. बंदूक पुढच्या बाजूला कुबडीसारख्या टेकूवर नुसती ठेवलेली असे, घट्ट बांधलेली नसे. कोणी नवशिक्या ती बोल्ट मारून फळीला पक्की करी आणि पहिल्याच बाराला फळी उचकटे. ताणाला जागा पाहिजे.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक भाग तो दोर. खाऱ्या पाण्याने आणि लाकडाच्या कडेवर घासून तो आतून कुजतो, वरून धड दिसतो. बाराच्या वेळी तुटला तर शंभर पौंडांचे लोखंड मागे पालथ्या पडलेल्या माणसाच्या डोक्याच्या दिशेने येते. म्हणून जाणता शिकारी तोंड कधी दस्त्याच्या रेषेत ठेवत नसे. तो किंचित बाजूला पडे आणि चापाला बांधलेली दोरी ओढे.

चेसापीकच्या उपसागरात अमेरिकी शिकारी वेगळे करत. तिथे पुष्कळदा दस्त्यामागे वाळूची किंवा पाणगवताची भरलेली पोती रचून धक्का त्यांच्यात जिरवायचा. सोय चांगली, पण पोते नीट न बसल्यास होडीचीच मागची बाजू फुटायची.

होडी, भरती आणि तासन्‌तासांचे पालथे पडणे

एका माणसाची होडी सतरा-अठरा फूट लांब, सुमारे तीन फूट रुंद. दोघांची बावीस ते चोवीस फूट. बूड चपटे, काठ पाण्याच्या वर काही इंच, पुढचा भाग फळ्यांनी झाकलेला, कारण नाळेवर चढलेली लाट आत आली तर दारू आणि माणूस दोन्ही भिजणार. रंग पांढुरका करडा. थंडीतल्या पहाटेच्या पाण्यावर काळी वस्तू दूरवरून दिसते, राखी-पांढरी दिसत नाही.

थवा हेरला की शिकारी पालथा पडे. खोल पाण्यात एका हाताने होडीच्या कडेवरून छोटे वल्हे फिरवायचे, उथळात टोकाला शिसे लावलेल्या काठीने तळाला रेटायचे. काठीचे टोक जड असले की ती तरंगत नाही आणि पाणी खळबळत नाही. शेवटच्या दोनशे मीटरला पाऊण तासही लागे. नेम धरायचा तो बंदूक वळवून नव्हे, होडी वळवून. उंची टेकूजवळच्या पाचरीने किंवा तरफेने आधीच ठरवलेली. पण पाण्यात लाट असतेच. नाळ खाली जाताना चाप ओढला तर अख्खा बार थव्याच्या दहा मीटर अलीकडे पाण्यात जातो, वर जाताना ओढला तर डोक्यावरून. खरा कसबी माणूस लाट मोजत थांबे. छातीखालच्या फळीतून कळणाऱ्या या लयीला तो नेमापेक्षा जास्त मान देई.

थवा अगदी माना खाली घालून चरत असताना बार टाकणे म्हणजे नुकसान, कारण पाठीवरची दाट पिसे छर्रे अडवतात आणि बसलेल्या पक्ष्याचे निम्मे अंग पाण्यात असते. माना वर झाल्या, पंख अर्धे उघडले, तो क्षण धरायचा. त्यानंतर दोन सेकंदांत थवा विखुरतो.

बारानंतरचे काम कमी सांगितले जाते. जागीच मेलेल्या पक्ष्यांइतकेच, कधी जास्त, पक्षी जखमी होऊन चारी दिशांना पोहत सुटतात. त्यांच्यासाठी होडीत खांद्याची साधी बंदूक असे. इंग्रज शिकारी तिला ‘क्रिपल-स्टॉपर’ म्हणत, म्हणजे पांगळ्यांना थांबवणारी. शिवाय भरती-ओहोटीच्या ओढीने मेलेले पक्षी वाहून जात, अंधार असला तर ते सापडतच नसत. एका बारात पडलेले आणि हाती लागलेले हे दोन आकडे वेगळे. फुशारकीच्या गोष्टींत पहिला येतो, बाजारात दुसरा.

ठासणीची मोठी बंदूक पाण्यावर पुन्हा भरणे हे स्वतंत्र दिव्य होते. नळीचे तोंड नाळेच्या पुढे, हाताच्या आवाक्याबाहेर. म्हणून बंदूक टेकूवरून मागे ओढून तोंड आत घ्यायचे. आधी नळी आतून पुसायची, कारण मागच्या बाराची काजळी जळती राहिलेली असली तर ओतलेली दारू तिथेच पेटते. मोजलेली दारू लांब नळकांड्याने थेट तळाशी सोडायची, वरून ओतली तर निम्मी ओल्या भिंतींना चिकटते. त्यावर जुना डांबरी दोर उसवून केलेला बोळा गजाने घट्ट बसवायचा. होडीच्या फटी बुजवायला वापरतात तोच हा माल, त्यामुळे मच्छीमाराकडे तो फुकटात असे. बोळा दारूला टेकलाच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर तिथे दाब एकवटतो आणि नळीला कड्यासारखा फुगवटा येतो. बोळा सैल राहिला तर तापलेला वायू छर्ऱ्यांत घुसतो, शिसे वितळून छर्ऱ्यांचे गठ्ठे होतात आणि थव्यात भगदाडे सोडून बार जातो. छर्ऱ्यांवरचा बोळा मात्र हलका, फक्त ते घरंगळू नयेत इतपत. मग तोंडाला लाकडी किंवा चामडी बूच, शिंतोडे आणि बर्फ आत जाऊ नये म्हणून. केप सर्वांत शेवटी. थंडीने बधिर बोटांनी हे सगळे करून होईस्तोवर थवा दुसऱ्या खाडीत गेलेला. म्हणून एका भरतीला एक बार ही मर्यादा बहुतेक वेळा माणसाने घातलेली नव्हती, हत्यारानेच घातलेली होती. चिखलात टेकलेले तोंड किंवा काढायचे विसरलेले बूच, या दोन चुकांनी नळ्या फुटल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरायच्या नळ्या आल्या. सर राल्फ पेन-गॉलवे (१८४८-१९१६) याने या बंदुकांवर आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरील शिकारीवर विस्ताराने लिहिले, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडसारख्या कारखान्यांनी आट्याच्या बुडाच्या देखण्या बंदुका केल्या. पण त्यांच्या किमती खाडीतल्या माणसाच्या नव्हत्या. गिऱ्हाईक जमीनदार आणि निवृत्त अधिकारी. धंदेवाईक माणूस आजोबांची ठासणीची बंदूकच वापरत राहिला. डर्वेंट खोऱ्यातला स्नोडेन स्लाइट्स यॉर्कशायरच्या जुन्या धंदेवाल्यांतला शेवटचा मानला जातो. तो १९१३ मध्ये वारला.

चेसापीक: रेल्वे, बर्फ आणि लालसरीचा अमेरिकी भाऊ

अमेरिकेत हेच हत्यार गेले आणि तिथे बाजाराचे मापच वेगळे निघाले. मेरीलँडमध्ये सस्क्वेहाना नदी चेसापीक उपसागराला मिळते तिथे मैलोन्‌मैल पसरलेले उथळ पाणी आहे. त्याला सस्क्वेहाना फ्लॅट्स म्हणतात. तळाशी व्हॅलिस्नेरिया नावाचे पाणगवत, ज्याला तिथे रानसेलरी म्हणतात. त्याच्या मुळांवर आणि कोंबांवर कॅनव्हासबॅक नावाची बदके चरत. आपल्या धरणांवर येणाऱ्या छोट्या लालसरीचा हा जवळचा नातलग: तीच तांबडी मान, तीच करडी पाठ, फक्त अंग मोठे आणि चोच उतरती. गवताचे नाव पक्ष्याच्या शास्त्रीय नावातही आहे. या खाद्याने त्याच्या मांसाला जी चव येई, तिच्यामुळे पूर्व किनाऱ्यावरच्या महागड्या खाणावळींत कॅनव्हासबॅकला इतर बदकांच्या कितीतरी पट भाव होता.

भाव असून माल पोचला नाही तर उपयोग नाही. १८३८ पर्यंत फिलाडेल्फिया ते बॉल्टिमोर रेल्वे पुरी झाली आणि ती गेली नेमकी फ्लॅट्सच्या तोंडावरच्या हावर द ग्रेस गावातून. सुरुवातीला नदी ओलांडायला गाडीचे डबे फेरीवर चढवावे लागत. १८६६ मध्ये पूल झाला. पहाटे मारलेली बदके पिंपात, बर्फात, संध्याकाळी शहरात. इंग्लंडच्या मच्छीमाराला थंडीपुरता मिळणारा जोडधंदा इथे व्यापाऱ्यांच्या साखळीला बांधला गेला. गावात घेणारा आडत्या, शहरात विकणारा दलाल आणि पलीकडे न तृप्त होणारे गिऱ्हाईक.

रात्रीची शिकार इथली खासियत. अंधारात बदके दाट गोळ्याने पाण्यावर झोपतात. होडीच्या नाळेवर मागून-बाजूने झाकलेला, आत चकचकीत पत्रा लावलेला दिवा ठेवायचा. झोत समोर, माणूस अंधारात. झोतात गोंधळलेली बदके जवळ येईपर्यंत उठत नाहीत. मग एक बार. ज्यांना एकच मोठी नळी मिळत नसे किंवा लपवायला अवघड वाटे ते ‘बॅटरी गन’ करत. लहान नळ्या पंख्यासारख्या पसरून एका फळीवर बसवायच्या आणि सगळ्यांच्या कानांवरून, म्हणजे पेटवायच्या भोकांवरून, रंजकाची एकच ओळ फिरवायची. सर्रकन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बार जात. एखाद्या नळीची रंजक ओली राहिली तर ती मागाहून, भलत्या वेळी उडे.

‘सिंकबॉक्स’ हा वेगळा प्रकार, त्याची पंट गनशी अनेकदा गल्लत होते. तो पाण्याच्या पातळीखाली बुडवलेला शवपेटीसारखा खोका, भोवती शेकडो लाकडी खोटी बदके. त्यात पडलेला माणूस साधी खांद्याची बंदूक वापरी आणि उडत येणाऱ्या पक्ष्यांवर मारी. दिवसाकाठी सिंकबॉक्सने मारलेली बदके मोठ्या नळीला सहज मागे टाकू शकत. तरी लोकांच्या डोळ्यांत सलली ती मोठी नळी, कारण तिचा आवाज रात्री मैलभर ऐकू जाई आणि त्या आवाजानंतर फ्लॅट्सवरचे सगळे थवे ती जागा सोडून जात. म्हणजे तिच्याविरुद्धची पहिली ओरड पक्षीप्रेमींची नव्हती, इतर शिकाऱ्यांची होती.

बंदुकीवरची बंदी आणि विक्रीवरची बंदी

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या राज्यांनी एकामागून एक कायदे केले. टेकूशिवाय, खांद्याला लावून उडवता येणार नाही अशी बंदूक पाणपक्ष्यांसाठी वापरू नये, अशा अर्थाची कलमे आली. ती कागदावरच राहिली. शिकार रात्रीची, दलदल अफाट, पहारेकरी थोडे आणि गावातला न्यायाधीश शेजारचाच. बंदूक तीन भागांत सोडवून चिखलात पुरली, काम लागले की काढली. जप्त झालीच तर गावच्या लोहाराकडून जाड पाइपाची नवी करून घेतली. अशा गावठी नळ्यांना ना तपासणीचा शिक्का, ना धातूचा भरवसा.

काम केले ते दुसऱ्या प्रकारच्या कायद्याने, ज्याने नळीकडे पाहिलेच नाही. २५ मे १९०० च्या लेसी कायद्याने, एका राज्याचा कायदा मोडून मारलेले पक्षी दुसऱ्या राज्यात नेणे हा संघराज्याचा गुन्हा ठरवला. म्हणजे रात्री कोणी मारले हे शोधत दलदलीत फिरायची गरज नाही, रेल्वेच्या पार्सलातले पिंप उघडा. १९१३ च्या वीक्स-मॅक्लीन कायद्याने स्थलांतरित पक्षी थेट केंद्राच्या अखत्यारीत आणायचा प्रयत्न केला, पण खालच्या न्यायालयांत तो टिकेना. रानातले पक्षी राज्यांचे, केंद्राचा काय संबंध, हा मुद्दा. यावर शोधलेली वाट वकिली कसबाची होती. १९१६ मध्ये अमेरिकेने, कॅनडाच्या वतीने बोलणाऱ्या ब्रिटनशी, स्थलांतरित पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय करार केला आणि त्या कराराच्या अंमलासाठी ३ जुलै १९१८ चा कायदा आणला. करार पाळणे ही केंद्राचीच जबाबदारी. मिसुरी राज्याने आव्हान दिले, १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. स्थलांतरित रानबदकांची खरेदी-विक्रीच बंद झाली.

यानंतर मोठ्या बंदुका काही वर्षे चोरून चालल्या, पण एका बाराची दारू, शिसे, रात्रीची जोखीम आणि दंड वजा जाता उरणारा पैसा घटत गेला. खांद्याच्या बंदुकीला आता दहा बोअरची, म्हणजे १९.७ मिलिमीटरची वरची मर्यादा आहे. १९३५ मध्ये सिंकबॉक्स आणि जिवंत बदके बांधून थवे बोलावण्याची रीतही बंद झाली.

ब्रिटनमध्ये उलटे घडले आणि म्हणूनच ही तुलना महत्त्वाची वाटते. तिथे पंट गन आजही बेकायदा नाही. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने फक्त तोंडाशी पावणेदोन इंचांहून, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरहून मोठी नळी रानपक्ष्यांवर वापरायला मनाई केली. थव्याच्या पाठलागावर यंत्राची होडीही चालत नाही. तरीही वापरात असलेल्या बंदुकांची संख्या १९९० च्या दशकातच पन्नासच्या खाली गेली होती. बंदी नसताना त्या गेल्या, कारण खाडीच्या माणसाला दुसरी कामे मिळाली, बाजारात पाळीव कोंबडी-बदके स्वस्त झाली आणि रानहंसांची विक्री १९६० च्या दशकात थांबली. मागे राहिले ते हौसेखातर थंडीत कुडकुडणारे थोडे.

सगळा दोष नळीवर टाकणे मात्र बरोबर नाही. १९३० च्या दशकात उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर झोस्टेरा या सागरी गवतावर रोग पडला आणि ब्रेंट हंसांचे मुख्य अन्नच गेले. त्यांची संख्या कोसळली ती प्रामुख्याने त्यामुळे. चेसापीकमध्ये बंदुका थंडावल्यावर अर्धशतकाने, जून १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळाच्या गाळाने पाणगवताची कुरणे गाडली आणि कॅनव्हासबॅक तिथून दुसरीकडे पांगले. बंदुकीमुळे हटलेले पक्षी परत येतात, कुरण गेले की येत नाहीत.

या धंद्याच्या पोटातूनच संरक्षणाची माणसेही आली. हंबरकाठच्या स्टॅन्ली डंकनने १९०८ मध्ये पाणपक्षी शिकाऱ्यांची ब्रिटिश संघटना काढली. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटचा मुलगा पीटर स्कॉट तरुणपणी वॉशच्या खाडीत पंट गन चालवत असे. त्यानेच १९४६ मध्ये सेव्हर्न नदीकाठी स्लिमब्रिज इथे पाणपक्ष्यांचा न्यास उभारला. लिंकनशायरच्या काउबिट गावात तर १८९७ च्या राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवापासून राज्याभिषेक आणि महोत्सवांना पंट गनची सलामी देतात, नुसत्या दारूची.

जुनी नळी समोर आली तर

मेरीलँडमध्ये हावर द ग्रेसचे डेकॉय संग्रहालय आणि नॉर्थ ईस्टचे अपर बे संग्रहालय इथे हा सगळा काळ पाहायला मिळतो. लिलावांतही अशा नळ्या येतात आणि तिथे गफलती होतात. किल्ल्याच्या तटावरून डागायची लष्करी बंदूक लांबीला तशीच दिसते, पण तिची नळी सहसा इंचाच्या आत असते आणि खाली तटाला अडकवायचा आकडा असतो. इंग्लंडची खरी पंट गन असेल तर बुडाजवळ लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणीचे शिक्के आणि दोर अडकवायच्या खुंट्या किंवा भोक सापडते. अमेरिकी गावठी नळीवर शिक्का नसतोच, तिथे दस्त्यावरची झीज, खाऱ्या पाण्याचा गंज आणि ओबडधोबड केप-घोडा हेच पुरावे.

हात लावण्याआधी करायची तपासणी एकच. लाकडी काठी नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहायची. काठीचे टोक केपाच्या भोकाच्या दहा-पंधरा सेंटिमीटर अलीकडेच थांबत असेल तर आत बार भरलेला आहे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते, आणि चिखलात पुरून ठेवलेल्या बंदुका पुष्कळदा भरलेल्याच पुरल्या जात. अशा वेळी केपाच्या भोकातून पाणी किंवा पातळ तेल सोडून दारू भिजवायची आणि पुढचे काम जाणकार बंदूक-कारागिरावर सोपवायचे. बोळा स्क्रूने ओढून काढायचा मोह होतो. गंजलेल्या लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडायला तेवढे पुरते.